वाघावरचा नेम आणि दुर्बिणीची उंची

गडचिरोली जिल्ह्यातील वडसा वनविभागात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘सीटी-१’ हा वाघ बेशुद्ध करून पकडण्यात आला. तेरा माणसांचे बळी त्याच्या नावावर होते आणि वडसा, भंडारा, ब्रह्मपुरी या तिन्ही भागांतली गावे कित्येक महिने त्याच्या दहशतीखाली होती. पकडल्यावर त्याची रवानगी नागपूरच्या गोरेवाड्याला झाली. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात ‘आरटी-१’ असाच दीर्घ शोधमोहिमेनंतर हाती लागला होता. अशा मोहिमांची बातमी बहुधा ‘बेशुद्ध करून जेरबंद’ एवढ्या शब्दांत संपते. परवानगी कोणी दिली, पथकात किती माणसे होती, ट्रॅप कॅमेरे किती लावले, औषध कोणते वापरले हे सगळे छापून येते. भुलीची सुई बंदुकीतून सुटून वाघाच्या मांडीत नेमकी कशी पोहोचली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. नेमबाजाचा ‘हात बसलेला’ होता, एवढे म्हणून विषय मिटतो.

हा हात बसणे म्हणजे काय, ते मोजता येते. ज्या दोन जिल्ह्यांत वाघ आणि माणूस यांच्यातला संघर्ष रोजचा झाला आहे, तिथे ते मोजले जायला हवे आणि लिहूनही ठेवले जायला हवे.

सुरुवात अगदी साध्या भूमितीपासून करावी लागते. कोणत्याही रायफलीला दोन रेषा असतात. एक नळीची आणि दुसरी डोळ्याची, म्हणजे दुर्बिणीतून किंवा साईटमधून लक्ष्याकडे जाणारी. डोळ्याची रेषा नळीच्या वर चार-पाच सेंटीमीटरवर असते. गोळी नळीतून बाहेर पडताच गुरुत्वाकर्षणाने खाली येऊ लागते, म्हणून नळी डोळ्याच्या रेषेच्या मानाने किंचित वर रोखलेली ठेवतात. गोळी डोळ्याच्या रेषेखालून निघते, ती रेषा ओलांडून वर जाते आणि ठरावीक अंतरावर पुन्हा त्या रेषेवर उतरते. ते अंतर ठरवून साईट पक्की करणे म्हणजे नेमबाजांच्या भाषेत ‘झिरो’ करणे. दुर्बीण नळीपासून किती उंच बसवायची, हा प्रश्न इथूनच सुरू होतो, आणि त्याचे उत्तर नेमबाजीच्या प्रत्येक प्रकारात वेगळे आहे.

महाराष्ट्राला रायफल नेमबाजी अपरिचित नाही. मुंबईच्या अंजली भागवत २००० मध्ये सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. या खेळात भिंगांची दुर्बीण वापरायला परवानगीच नाही. मागच्या बारीक छिद्रातून पुढच्या कडीकडे पाहून नेम धरायचा. तरीही साईटची उंची हा खेळाडूच्या जिव्हाळ्याचा विषय असतो. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने अशा तिन्ही अवस्थांत मानेचा कोन वेगळा, गाल दस्त्यावर टेकण्याची जागा वेगळी. म्हणून एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाताना खेळाडू दस्त्याचा मागचा भाग, गालाखालचा आधार आणि साईट हलवून घेतो. बंदूक तीच आणि माणूसही तोच, पण एकाच स्पर्धेत जुळणी तीनदा होते.

यामागचे कारण शरीरशास्त्रात आहे. साईट फार खाली असेल तर डोळा तिथे आणण्यासाठी मान वाकवावी लागते, भुवईखालून वर बघावे लागते, मानेचे स्नायू ताणले जातात आणि थोड्याच वेळात डोके सूक्ष्मपणे हलू लागते. साईट फार वर असेल तर गाल दस्त्यावरून सुटतो आणि डोके हवेत तरंगते. मग दर वेळी डोळा वेगळ्या जागी येतो. दुर्बिणीच्या बाबतीत हे अधिक नडते, कारण डोळा भिंगाच्या मध्यरेषेवरून सरकला की लक्ष्यावरची फुली जागच्या जागी हलल्यासारखी दिसते. फुली बरोबर आणि सुटलेली गोळी चुकीची, असा अनुभव नवशिक्यांना येतो तो बऱ्याचदा यामुळे. शिकारी रायफलींवर दुर्बीण नळीच्या शक्य तितकी जवळ बसवण्याची जुनी प्रथा आहे, ती गाल दस्त्यावर घट्ट राहावा म्हणून. याउलट आधुनिक लष्करी रायफलींत दस्ता नळीच्या सरळ रेषेत असतो. गोळी सुटताना नळी वर उसळू नये, हा त्याचा हेतू. अशा बंदुकीत खांदा आणि नळी एका पातळीवर येतात, डोळा मात्र वरच राहतो, म्हणून साईटही सहा-सात सेंटीमीटर उंच न्यावी लागते. त्याची किंमत जवळच्या अंतरावर मोजावी लागते. लांबच्या अंतरासाठी जुळवलेली अशी रायफल पाच-दहा मीटरवर झाडली तर गोळी नेमाच्या पाच-सहा सेंटीमीटर खाली लागते. गडचिरोलीत बंदोबस्तावर असलेल्या जवानांना हे सांगायला नको. त्यांच्या प्रशिक्षणाचाच तो भाग असतो.

आता भुलीच्या बंदुकीकडे वळू. न्यूझीलंडचे औषधनिर्माते आणि पशुवैद्यक कॉलिन मर्डॉक यांनी १९५०च्या दशकात ती घडवली. तिच्यातून उडते ती एक सिरिंज. पुढे सुई, मधे औषध, मागे दाबाखालची हवा आणि शेवटी रंगीत शेपूट. सुईच्या बाजूचे छिद्र एका छोट्या रबरी टोपीने झाकलेले असते. सुई कातड्यात शिरली की टोपी मागे सरकते, छिद्र उघडते आणि मागची हवा दट्ट्या ढकलून औषध स्नायूत सोडते. दुसऱ्या काही प्रकारांत हवेऐवजी छोटा स्फोटक दारूगोळा तेच काम करतो. ही सिरिंज वेगाने मारता येत नाही. गोळीचे काम भेदण्याचे आहे, सिरिंजचे काम टोचून थांबण्याचे. वेग जास्त झाला तर ती स्नायू फाडते, हाडावर आदळते, क्वचित शरीरात खोल घुसते. म्हणून तिचा वेग सेकंदाला साठ मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी ठेवावा लागतो. रायफलीची गोळी सेकंदाला आठशे मीटर जाते आणि स्पर्धेतल्या एअर रायफलचा छर्रा पावणेदोनशे मीटरच्या आतबाहेर.

या एका फरकाने पुढचे सगळे गणित बदलते.

सेकंदाला ६० मीटर वेग आणि नळीपासून ५ सेंटीमीटर उंच दुर्बीण धरली, हवेचा अडथळा सोडून दिला, तर २० मीटर जायला डार्टला एक तृतीयांश सेकंद लागतो. तेवढ्यात ती ५४ सेंटीमीटर खाली येते. ३० मीटरवर ही घसरण सव्वा मीटरच्या जवळ जाते. हवेचा अडथळा धरला तर आकडे आणखी वाढतील. समजा, बंदूक २० मीटरला बरोबर जुळवली आहे. वाघ प्रत्यक्षात २५ मीटरवर उभा असेल तर डार्ट नेमाच्या १६ सेंटीमीटर खाली लागेल, आणि ३० मीटरवर असेल तर ३८ सेंटीमीटर खाली. उलट तो १० मीटरवरच असेल तर ११ सेंटीमीटर वर. मांडीचा जो जाड स्नायू गाठायचा, त्याची रुंदी-उंची पूर्ण वाढलेल्या वाघातही वीतभराच्या आसपास. पाच मीटरचा अंदाज चुकला की डार्ट गुडघ्याच्या हाडावर जाते किंवा पायाखालच्या पाचोळ्यात. दोन्ही टोकांना झुडपे, मधे वाळलेला नाला, संधिप्रकाश आणि अंगावर काटा आणणारी शांतता असताना, २० मीटर आणि २५ मीटर यांतला फरक डोळ्यांनी ओळखणारी माणसे थोडी असतात. आपल्याला तो ओळखता येतो असे वाटणारी माणसे मात्र पुष्कळ असतात.

याच गणितात दुर्बिणीची उंची बदलून पाहिली तर गंमत दिसते. दुर्बीण ४ सेंटीमीटरऐवजी ७ सेंटीमीटर उंच बसवली आणि बंदूक पुन्हा २० मीटरला जुळवली, तर २५ मीटरवर फरक पडतो पाऊण सेंटीमीटरचा आणि ३० मीटरवर दीड सेंटीमीटरचा. म्हणजे भुलीच्या बंदुकीत प्रक्षेपमार्गाच्या दृष्टीने दुर्बिणीची उंची जवळपास नगण्य आहे. अंतराचा अंदाज हीच मोठी गोष्ट. तरीही उंचीला महत्त्व राहते ते नेमबाजाच्या गालासाठी आणि मानेसाठी. बाजारात मिळेल तो माऊंट आणून, मोठ्या भिंगाची दुर्बीण उंचावर ठोकून दिली, तर जीपमध्ये वाकून बसलेल्या माणसाचा गाल दस्त्यावर टेकणार नाही. वीस मीटरच्या कामाला मोठी, जास्त ताकदीची दुर्बीण लागतही नाही. कमी ताकदीची, रुंद दृश्य देणारी आणि नळीच्या जवळ बसवलेली छोटी दुर्बीण किंवा लाल ठिपक्याची साईट अधिक उपयोगी. मोठ्या दुर्बिणीत इतक्या जवळचा वाघ नुसते पट्टे होऊन दिसतो. कोणते अंग दिसते आहे, हे कळायलाच वेळ जातो.

माऊंटबद्दल आणखी एक गोष्ट. उंची कितीही असो, तो हलता कामा नये. दुर्बीण आणि नळी यांच्या दिशांत अर्ध्या अंशाचा फरक पडला तर २० मीटरवर नेम १७ सेंटीमीटरने चुकतो. ताडोबाच्या बफरमधल्या खडबडीत वाटांवर बंदूक जीपमधून दिवसभर धक्के खात फिरते. एक स्क्रू अर्धा आटा सैल झाला तरी पुरे. मोहिमेवर निघताना जुळणी बरोबर होती, हे संध्याकाळी चाप ओढताना ती बरोबर असल्याचे प्रमाण नाही. मुक्कामावरून निघण्यापूर्वी पुठ्ठ्यावर एक डार्ट मारून पाहायला पाच मिनिटे लागतात.

बंदूक कलण्याचा दोष तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. नळी डोळ्याच्या रेषेच्या मानाने वर रोखलेली असते, हे वर आले. बंदूक उजवीकडे किंवा डावीकडे कलली की हे ‘वर’ तिरके होते, म्हणजे प्रक्षेप त्या बाजूला ढळतो. किती ढळतो, हे त्या अंतरापर्यंत गोळी किती खाली येते त्यावर ठरते. दहा अंश कललेली बंदूक घेऊ. दहा अंश म्हणजे घड्याळाच्या दोन मिनिटांच्या खुणांपेक्षाही कमी तिरपेपणा. दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये छर्रा जेमतेम दीड सेंटीमीटर खाली येतो. छर्रा साधारण अडीच मिलिमीटर बाजूला जातो. त्या लक्ष्यावर एकेका गुणाचे अंतर अडीच मिलिमीटर असते, म्हणजे साधारण एका गुणाचे नुकसान. शंभर मीटरला जुळवलेल्या मोठ्या रायफलीत तेवढ्याच कलण्याने साधारण सव्वा सेंटीमीटरचा फरक पडतो. तिथे कोणाचे काही बिघडत नाही. भुलीच्या बंदुकीत २० मीटरवर डार्ट ५४ सेंटीमीटर खाली येते, आणि दहा अंशांनी ती साडेनऊ सेंटीमीटरच्या आसपास बाजूला जाते. मांडीवर धरलेला नेम एका बाजूला पोटाकडे सरकतो, दुसऱ्या बाजूला हवेत. पोटात सुई गेली तर आतड्याला इजा, हवेत गेली तर सावध झालेला वाघ.

आणि भुलीची बंदूक कलण्याच्या संधी जंगलात हव्या तेवढ्या मिळतात. जीपच्या मागच्या सीटवरून कमरेत पिळून, मचाणाच्या काठाला रेलून, बांधावर एक पाय वर आणि एक खाली ठेवून. दहा मीटरच्या रेंजवर सपाट जमिनीवर उभे राहून शिकलेला हात इथे फसतो. दुर्बिणीच्या बुडाशी एक छोटी पाणपातळी, सुताराच्या स्पिरिट लेव्हलसारखी, बसवली तर हा दोष डोळ्यांना दिसू लागतो. तिची किंमत एका डार्टच्या जवळपास जाते.

मचाणावरून खाली मारताना नेम फार बदलतो, अशी एक समजूत शिकारकथांनी पसरवली आहे. वीस मीटर अंतर आणि पाच मीटर उंचीचे मचाण धरले तर फरक दीड-दोन सेंटीमीटरचा पडतो. त्याची काळजी करण्याऐवजी बांबूची करावी. डोळ्याची रेषा मोकळी दिसते म्हणून वाट मोकळी असते असे नाही. डार्ट त्या रेषेच्या पाच सेंटीमीटर खालून निघते. जीपच्या खिडकीची किंवा मचाणाच्या कठड्याची कड दुर्बिणीत न दिसता नळीच्या आड येऊ शकते. पुढे २० मीटरच्या मार्गात साधारण मध्यावर तीच डार्ट डोळ्याच्या रेषेच्या अकरा सेंटीमीटर वरून जाते. तिथे लोंबणारी बांबूची काडी नेमबाजाला लक्ष्याच्या आड कधीच दिसत नाही. सेंटीमीटरभर जाडीची काडी रायफलीच्या गोळीलाही थोडी वळवते. साठ मीटरच्या वेगाने जाणाऱ्या सिरिंजला ती सरळ पाडते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात बांबू किती आहे, हे बल्लारपूरच्या कागद कारखान्याला विचारावे.

वेग कमी असल्याचे आणखी दोन परिणाम आहेत. मोठ्या रायफलीत गोळी नळीत एक-दोन सहस्रांश सेकंदच असते. भुलीच्या बंदुकीत डार्टला नळी पार करायला पंचवीस-तीस सहस्रांश सेकंद लागतात. चाप ओढल्यावर मान वर करून ‘लागली का’ हे बघण्याची घाई रायफलवाल्याला खपून जाते. इथे डार्ट अजून नळीतच असते. म्हणून चाप ओढल्यावर श्वास धरून, गाल न उचलता निदान एक सेकंद थांबणे हे तंत्र स्पर्धेच्या नेमबाजाइतकेच, किंबहुना जास्त, इथे लागते. दुसरे म्हणजे आवाज. बंदुकीचा आवाज २० मीटरवरच्या वाघापर्यंत सहा शतांश सेकंदात पोहोचतो, डार्ट तेहतीस शतांश सेकंदात. मधल्या पाव सेकंदात वाघ दचकतो. आणि तो चालत असेल, सेकंदाला एक मीटर इतक्या संथ चालीने जरी, तरी डार्ट पोहोचेपर्यंत तेहतीस सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. चालत्या वाघावर भुलीची बंदूक झाडणे म्हणजे पैज लावणे. अनुभवी पशुवैद्यक बसलेल्या किंवा थांबलेल्या जनावराची वाट पाहतात, ती यासाठी. बाहेर जमलेल्या गर्दीला हा उशीर भित्रेपणा वाटतो. गर्दीचा संताप समजण्यासारखा आहे, पण चाप कधी ओढायचा याचा निर्णय तिच्या हाती जाता कामा नये.

उन्हाचा हिशेबही वेगळा. या बंदुकांपैकी बऱ्याच कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालतात. वीस अंश तापमानाला सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या दाबाच्या सत्तावन्न-अठ्ठावन्न पट असतो, तापमान वाढेल तसा तो भराभर वाढतो, आणि ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही. चंद्रपुरात मे महिन्याची दुपार पंचेचाळीस अंशांच्या वर जाते. दाब दाखवणारा काटा असलेल्या बंदुकीत नेमबाज प्रत्येक वेळी हवा तेवढा दाब भरू शकतो, हे खरे. पण भरल्यानंतर बंदूक अर्धा तास उन्हात तापली तर काट्यावरचा आकडा तोच राहत नाही. थंड देशातल्या कारखान्याने दिलेला दाब आणि अंतराचा तक्ता ताडोबाच्या उन्हात जसाच्या तसा लागू पडेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. तो तक्ता इथे, इथल्या महिन्यांत, नव्याने करावा लागेल.

नेम चुकण्याची किंमत वाघाचे शरीर देते. वाघासाठी आपल्याकडे सहसा झायलाझिन आणि केटामिन यांचे मिश्रण वापरतात. ते मोठ्या स्नायूत पूर्ण उतरले तर पाच ते पंधरा मिनिटांत जनावर आडवे होते, आणि काम झाल्यावर झायलाझिनचा परिणाम योहिम्बिन किंवा अटिपामेझोलने उलटवता येतो. सुई चरबीत गेली, तिरकी लागली किंवा अर्धे औषध बाहेर सांडले, तर वाघ अर्धवट गुंगीत जातो. तो पडत नाही, चालत राहतो, दिशा हरवतो. पाण्यात उतरला तर बुडू शकतो, वस्तीत शिरला तर समोर येईल त्याच्यावर झेप घेऊ शकतो. दुसरी डार्ट मारायची तर पहिलीतले किती औषध आत गेले हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून मात्रा अंदाजाने ठरते. गुंगीत शरीराचे तापमान नियंत्रण ढिले पडते. उन्हाळ्यात त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी मारत राहावे लागते, डोळ्यांवर कापड टाकावे लागते. या सगळ्याची सुरुवात होते ती त्या वीतभर जागेतून.

माणसांची किंमत तर अधिकच. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. मोहफूल आणि तेंदूपत्ता हे या भागातल्या घरांचे वर्षाचे रोख उत्पन्न असते. ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला त्यांच्या चुलीपर्यंत पोहोचत नाही. हल्लेखोर वाघ ठरवून पकडायचा तर तो पहिल्या प्रयत्नात पकडला जाणे, याला त्या गावांत जगण्या-मरण्याचे मोल आहे. फसलेल्या डार्टनंतर वाघ जीपचा आवाज ओळखू लागतो आणि मोहीम आठवड्यांनी लांबते. तेवढे आठवडे गुराख्याला गुरे घेऊन बाहेर पडावेच लागते.

यवतमाळच्या ‘अवनी’चे प्रकरण इथे आठवावे लागते. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री ती गोळीने मारली गेली. तिच्या शरीरावर भुलीची डार्टही होती. ती डार्ट बंदुकीतून सुटलेली होती की नंतर हाताने खोचलेली, हा वाद चौकशी समित्यांपर्यंत गेला. त्या वादात कोण बरोबर, हा इथला विषय नाही. पण नेमबाजीच्या बाजूने त्यात एक उघड धडा होता. डार्ट कधी भरली, कोणत्या दाबावर, किती अंतरावरून, जनावराची कोणती बाजू समोर असताना आणि किती वाजता सोडली, यांची त्याच क्षणी केलेली नोंद असती आणि बंदुकीवर एक छोटा कॅमेरा असता, तर एवढ्या मोठ्या वादाला जागाच उरली नसती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी लागते आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धतीही आहे. कागद भरपूर आहे. त्यात बंदुकीच्या जुळणीचा कागद तेवढाच महत्त्वाचा मानला गेला पाहिजे.

‘जंगल म्हणजे रेंज नव्हे, तिथे तक्ते चालत नाहीत, तिथे अनुभवच कामाला येतो,’ असे यावर सांगितले जाईल. अनुभवाला नाकारण्याचे कारण नाही. ताडोबाच्या शीघ्र कृती दलातल्या पशुवैद्यकांनी आणि नेमबाजांनी ज्या परिस्थितीत वाघ पकडले आहेत, ती पाहता त्यांच्या हाताबद्दल शंका घेणे कृतघ्नपणाचे ठरेल. प्रश्न त्यांच्यानंतरचा आहे. बदली झाली, निवृत्ती आली, एकाच दिवशी ब्रह्मपुरीला आणि चामोर्शीला दोन वाघ निघाले, तर दुसऱ्या जागी कोण जाणार आणि त्याच्या हाती कोणती बंदूक असणार? अनुभव एका माणसाच्या खांद्यात राहिला तर तो त्याच्याबरोबरच जातो. तक्त्यात उतरवला तर दुसऱ्याला त्यावरून सुरुवात तरी करता येते. शिवाय ज्या खेळात भारताने ऑलिम्पिक पदके मिळवली, त्यात ‘मला अंदाज आहे’ म्हणणारा खेळाडू राज्य स्पर्धेपुढे जात नाही. कुसाळे यांच्यासारखा खेळाडू मोजमापावर इतका वेळ घालवतो आणि त्याचे लक्ष्य तर जागचे हलतही नाही.

खर्चाचा मुद्दाही फारसा टिकत नाही. प्रत्येक पथकाला हातात मावणारा लेझर अंतरमापक द्यावा. मोहीम नसतानाही तो वापरून झाडांची, दगडांची अंतरे आधी डोळ्यांनी सांगायची आणि मग मोजून पाहायची, म्हणजे अंदाज किती चुकतो हे ज्याचे त्याला कळेल. सरावासाठी औषध लागत नाही. तेवढ्याच वजनाचे पाणी भरलेली डार्ट पुरते. सराव उभ्याने रेंजवर करण्याऐवजी जीपमधून, मचाणावरून, गुडघ्यावर बसून, पहाटेच्या आणि सांजेच्या उजेडात व्हावा. तो उन्हाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा, दोन्ही ऋतूंत झाला तरच दाबाचा तक्ता खरा ठरेल. राज्यातल्या रायफल क्लबांतले प्रशिक्षक वर्षातून चार दिवस चंद्रपूरला येऊन वनरक्षकांची मान, गाल आणि दुर्बिणीची उंची जुळवून देऊ शकतात. ते दस्ता कापून लहान करायला सांगतील, किंवा गालाखाली फोमची पट्टी चिकटवायला सांगतील. एकाच बंदुकीवर पाच जण आळीपाळीने काम करत असतील तर कोणाच्या गालाला ती बसत नाही, हेही ते पहिल्याच दिवशी सांगू शकतील.

आणि प्रत्येक बंदुकीच्या पेटीत एक वही असावी. तिच्या पहिल्या पानावर दुर्बीण नळीच्या मध्यापासून किती मिलिमीटर उंच आहे तो आकडा, माऊंटचे स्क्रू शेवटचे कधी आवळले ती तारीख आणि बंदूक कोणत्या अंतराला जुळवली आहे ते. पुढच्या पानांवर १०, १५, २०, २५ आणि ३० मीटरला, कोणत्या मापाच्या डार्टला किती दाब आणि ती नेमाच्या किती वर किंवा खाली लागली. तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ही वही दर वर्षी नव्याने भरावी, आणि त्या वर्षी पथकात जे कोणी नेमबाज असतील त्या प्रत्येकाने ती आपल्या हाताने भरलेली असावी.